बॅकअप किती देतो?

बँकेच्या शाखेत ऑडिटरला जी जागा मिळते ती बहुतेक वेळा रेकॉर्ड रूमच्या दाराशी, एका डुगडुगणाऱ्या टेबलावर. यात कुणाचा आकस नसतो. एप्रिलचा पहिला आठवडा असतो, मार्चएंडचा शिणवटा अजून उतरलेला नसतो आणि काउंटरची जागा खातेदारांनाच पुरत नसते. ऑडिटर म्हणजे पाहुणा. पाहुण्याने मिळेल तिथे बसावं. अडचण एवढीच की त्या टेबलाजवळच्या एकुलत्या प्लग पॉइंटला पंखा लावलेला असतो. दुसरा पॉइंट यूपीएसच्या लाइनवर. त्यावर शाखेचे कॉम्प्युटर आणि पासबुक प्रिंटर चालतात, बाहेरच्या माणसाचा चार्जर त्यात लावू देत नाहीत. मॅनेजरसाहेब स्वतः नाही म्हणत नाहीत, नुसतं शिपाई मामांकडे बघतात, आणि मामा म्हणतात, "त्यात नको मॅडम, लोड येतो." मग उरतो पंखा. एप्रिलमधल्या सोलापूर जिल्ह्यात पंखा की लॅपटॉप असा प्रश्न आला की माणूस पंख्याच्या बाजूने मत देतो.

आमची सोलापुरात सीएची लहानशी फर्म आहे. आम्ही दोन पार्टनर, दोन पगारी माणसं आणि येत-जात राहणारी आर्टिकलची, म्हणजे सीएची उमेदवारी करणारी, मुलं. एप्रिलमध्ये बँकांच्या शाखा, मधूनमधून बँकांच्याच सांगण्यावरून साखर कारखान्यांचं आणि सूतगिरण्यांचं स्टॉक ऑडिट, पुढे टॅक्स ऑडिटची धावपळ आणि जीएसटी तर बारमाही. मंगळवेढा, सांगोला, करमाळा, अक्कलकोट अशी फिरती असते आणि तेव्हा ऑफिस पाठीवरच्या सॅकमध्ये मावेल तेवढंच असतं. लॅपटॉप खरेदीचं खातं आपसूकच माझ्याकडे आलं. आमच्या सीनियर पार्टनरांना, म्हणजे सरांना, या विषयात रस नाही. त्यांचं म्हणणं एकच: "तू बघ काय ते. बिल मात्र फर्मच्या नावाने, जीएसटी नंबर टाकून घे." १८ टक्के जीएसटीचं इनपुट क्रेडिट सुटता कामा नये, बाकी लॅपटॉप काळा असो की चंदेरी.

निम्मे लॅपटॉप एकदम बदलायची वेळ आणली ती विंडोजने. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ घालायचं तर इंटेलचा ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं, आणि आमचे बरेचसे लॅपटॉप त्याच्या आधीचे. चालत होते झकास. पण ज्या मशीनला सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत त्यावर बँकेच्या कर्जदारांची माहिती घेऊन फिरणं आमच्या धंद्यात बसत नाही. हिशेबाच्या दृष्टीने म्हणाल तर ते कधीच संपले होते. कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात लॅपटॉपचं आयुष्य तीन वर्षं धरलंय, इन्कम टॅक्सला घसारा ४० टक्के. वहीत उरला होता नाममात्र आकडा, टेबलावर अख्खं मशीन.

डीलरच्या दुकानात कुणीही जावो, दुसरा-तिसरा प्रश्न ठरलेला: "बॅकअप किती देतो?" आणि उत्तरही ठरलेलं: "सात-आठ तास आरामात, मॅडम." कंपनीच्या पत्रकात त्याच मॉडेलपुढे बारा तासांपर्यंत असं लिहिलेलं असतं. दोघंही खोटं बोलत नाहीत. कंपनीची चाचणी बऱ्याचदा मंद प्रकाशावर, साधारण १५० निट्सवर, मशीनमध्येच साठवलेला व्हिडिओ फिरवून होते किंवा कामाच्या नकलेची एखादी ठरावीक मालिका चालवून. डीलरने बहुधा दुकानातला लॅपटॉप प्लग काढून कधी दिवसभर वापरलेलाच नसतो. आणि यातल्या कुणीही मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बँकेचं पोर्टल उघडून, पंचवीस टॅब आणि कॅश क्रेडिट खात्याची वर्षभराची एक्सेल शीट एका वेळी चालवलेली नसते, खिडकीकडे पाठ करून, ब्राइटनेस पूर्ण वर नेऊन.

म्हणून मी तासांत विचारणं सोडून दिलं. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे टाकी केवढी आणि नळ किती सोडायचा हा हिशेब इथल्या घराघरात पाठ असतो. लॅपटॉपचं गणित तेवढंच आहे. टाकी म्हणजे बॅटरीचे वॉट-अवर. नळ म्हणजे चालू कामाला लागणारे वॉट. ४२ वॉट-अवरची बॅटरी आणि ७ वॉटचं काम असेल तर सहा तास. तेच काम १४ वॉटवर गेलं की तीन. मिलीअँपिअर-अवरचा आकडा फेकणाऱ्याला मी व्होल्टेज विचारते, कारण त्याशिवाय तो आकडा दुसऱ्या मॉडेलशी ताडून बघता येत नाही.

आता आपला नळ किती सोडलेला असतो ते आधी मोजायला हवं, आणि हे फार थोडे लोक करतात. नवा लॅपटॉप बघायला जाण्याआधी जुन्यावरच मोजावं. बॅटरीवर चालताना किती वॉट खर्च होतायत हे दाखवणारी फुकट सॉफ्टवेअरं आहेत. आमच्याकडे काय दिसलं? पीडीएफ वाचणं, वर्डमध्ये एलएफएआरच्या (बँक ऑडिटच्या लाँग फॉर्म रिपोर्टच्या) प्रश्नावलीची उत्तरं भरणं, बारकी एक्सेल शीट, यात सहा ते आठ वॉट. हॉटस्पॉट, ढीगभर टॅब आणि पूर्ण ब्राइटनेस असा शाखेतला खरा थाट मांडला की अकरा-बारा. क्लायंटबरोबर व्हिडिओ कॉल लागला की पंधराच्या वर. तासाभराचा एक कॉल म्हणजे दोन तासांच्या वाचनाची वीज. हे कळल्यावर शाखेत असताना कॉल फोनवर घ्यायचे, असा नियमच केला. त्याला एक रुपयाही लागला नाही.

दुसरी मोजणी बॅटरीची. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टला पॉवरसीएफजी बॅटरीरिपोर्ट हा हुकूम दिला की एक अहवाल तयार होतो. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे शेजारी शेजारी दिसतात. पहिला जन्माच्या वेळचा, दुसरा आजचा. एका आर्टिकलच्या मशीनवर पहिला पंचेचाळीस हजार मिलीवॉट-अवरच्या घरात होता आणि दुसरा सव्वीस हजारांच्या. म्हणजे टास्कबारवर शंभर टक्के दिसत असताना टाकीत पंचेचाळीसपैकी सव्वीसच वॉट-अवर होते. मुलगा बिचारा म्हणत होता की विंडोज अपडेट झाल्यापासून बॅटरी उतरते. अपडेटला उगाच शिव्या खाव्या लागत होत्या.

शाखेत निदान पंख्याचा पॉइंट तरी असतो. कारखान्याच्या गोडाऊनमध्ये तोही नाही. साखर कारखाना पोत्यांतली साखर बँकेकडे तारण ठेवून कर्ज उचलतो, आणि ती साखर खरोखर आहे का हे बघायला आम्हाला पाठवलं जातं. दोन पोती म्हणजे एक क्विंटल, कारण पोतं पन्नास किलोचं. ती एकेक मोजता येत नाहीत. थप्पीची लांबी, रुंदी आणि थर मोजून गुणाकार करायचा, मध्ये पोकळी नाही ना ते बघायला वर चढायचं, आणि मग स्टॉक रजिस्टर व बँकेला दिलेल्या स्टेटमेंटशी ताळा घालायचा. एक मुलगा थप्पीवरून ओरडतो, "लांबी बावीस, रुंदी चौदा, थर वीस," दुसरी खाली शीटमध्ये भरत जाते. लॅपटॉप ठेवायचा तो पोत्यांवरच. पोत्यातून बारीक साखर झिरपलेली असते, ती की-बोर्डच्या फटीत जाऊ नये म्हणून आम्ही खाली फाइल ठेवतो. उजेड दारातून येणारा आणि वरच्या झरोक्यांचा. दाराजवळ बसलं तर स्क्रीनवर आरसा झालेला, आत बसलं तर डास. गोडाऊन कीपरला विचारलं, "इथे एखादा पॉइंट?" तर तो हसतो. गोडाऊनमध्ये आगीच्या भीतीने वायरिंगच कमीत कमी ठेवलेलं असतं.

या कामात स्क्रीन किती महत्त्वाचा आहे हे मला तिथे कळलं, दुकानात नव्हे. स्वस्त बिझनेस लॅपटॉपवर २५० निट्सचा पॅनेल येतो. तो ऑफिसात ट्यूबलाइटखाली उत्तम दिसतो. गोडाऊनच्या दारात पूर्ण ब्राइटनेस लावूनही आकडे डोळे बारीक करून वाचावे लागतात, आणि पूर्ण ब्राइटनेस म्हणजे नळ पूर्ण सोडलेला. त्याच मालिकेत बहुधा ४०० निट्सचा, कमी वीज खाणारा पॅनेल पर्याय म्हणून असतो. तो साठ-पासष्ट टक्के ब्राइटनेसवरच पहिल्याच्या शिखराला पोहोचतो आणि वर एखाद-दीड वॉट वाचवतो. सात वॉटच्या कामात एक वॉट म्हणजे जवळजवळ सातवा हिस्सा. फोर-के स्क्रीन मात्र आमच्यासारख्यांनी दुकानातच बघून यावा. आकडे तेवढेच दिसतात, वीज जास्त जाते.

उन्हाचंही बोललं पाहिजे. बऱ्याच लॅपटॉपच्या तांत्रिक माहितीत कामाचं तापमान ३५ अंशांपर्यंत असं छापलेलं असतं. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये सावलीतला पारा चाळिशी सहज ओलांडतो, आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या आत काय होतं ते सांगायला नको. लिथियम-आयन बॅटरीला दोन गोष्टी मानवत नाहीत: उष्णता आणि सतत पूर्ण भरलेलं असणं. दोन्ही एकत्र आल्या तर ती झपाट्याने म्हातारी होते. ऑफिसातल्या एका लॅपटॉपचा टचपॅड एका मे महिन्यात क्लिक होईना. मशीन टेबलावर ठेवलं की एका बाजूने झुलायचं. पट्टी धरून पाहिलं तर टचपॅडची खालची कड वर आलेली. तो लॅपटॉप वर्षभर चार्जरला लावलेलाच असायचा, खिडकीच्या कडेला, दुपारच्या उन्हात. मेकॅनिकने मागचे स्क्रू काढले तेव्हा सपाट असायला हवी ती बॅटरी उशीसारखी टम्म झालेली होती. तो शांतपणे म्हणाला, "टोचली असती तर पेटली असती," आणि ती वाळूच्या डब्यात ठेवायला घेऊन गेला.

तेव्हापासून ऑफिसातच राहणाऱ्या मशीनवर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आहे की नाही हे मी विकत घेण्याआधीच बघते. बिझनेस मालिकांत ती बहुधा बायोसमध्ये किंवा कंपनीच्या युटिलिटीत मिळते. घरगुती स्वस्त मॉडेलांत असेलच असं नाही. मार्चअखेरीला सगळ्यांच्या मशीनवरची मर्यादा काढून शंभर करायची आणि ऑडिट सीझन उलटला की परत ऐंशी, हे काम आमच्या इथे आर्टिकलमधल्या सर्वांत नव्या मुलाकडे असतं.

काही बिझनेस मालिकांत बॅटरीचाच एक दीर्घायुषी पर्याय मिळतो. नेहमीची बॅटरी तीनशे ते पाचशे चार्ज-सायकलमध्ये उतरणीला लागते. ही हजार सायकलपर्यंत टिकेल असं कंपनी सांगते आणि वॉरंटी तीन वर्षांची देते. इथे एक बारीक अक्षरातली गोम आहे. लॅपटॉपवर तीन वर्षं ऑनसाइट वॉरंटी घेतली तरी आतल्या नेहमीच्या बॅटरीची वॉरंटी बहुधा एकच वर्षाची असते. डीलर "तीन वर्षं कसलीच चिंता नाही" म्हणतो तेव्हा बॅटरी त्यात धरलेली नसते. बॅटरीची वाढीव वॉरंटी मागितली तर मिळते, पण ती खरेदीच्या वेळी घ्यावी लागते आणि आपणच मागावी लागते.

मागे थिंकपॅडमध्ये एक फार शहाणपणाची सोय होती. २०१३ च्या टी४४० पासून २०१८ च्या टी४८० पर्यंत एक बॅटरी आत, दुसरी बाहेर. बाहेरची काढून तिच्या जागी भरलेली लावेपर्यंत आतली मशीन जिवंत ठेवायची. टी४८० ला तर ७२ वॉट-अवरची मोठी बॅटरी मागच्या बाजूला लावता यायची. ती खाली कुबडासारखी दिसायची, पण त्या कुबडामुळे टायपिंगलाही बरं पडायचं. पुढच्या वर्षी टी४९० आला तो सडपातळ होऊन, बॅटरी आत बंद करून. सडपातळपणाची मागणी ऑडिटरांनी तरी केली नव्हती.

आता कॉन्फिगरेशन. बहुतेकांचे पैसे चुकीच्या रकान्यात जातात ते इथे, आणि तो रकाना म्हणजे प्रोसेसर. सरांनीही विचारलं होतं, "आय-सेव्हन घेऊ का? टिकेल जास्त वर्षं." आमच्या कामात आय-फाइव्ह आणि आय-सेव्हनमधला फरक जाणवण्याइतका नसतो. त्यापेक्षा नावाच्या शेवटच्या अक्षराकडे बघावं. इंटेलमध्ये यू असेल तर मूळ मर्यादा साधारण १५ वॉटची, एच असेल तर ४५ च्या आसपास. बाराव्या पिढीत मध्येच पी नावाची २८ वॉटची जात आली होती. ती हलक्याफुलक्या दिसणाऱ्या मशीनमध्ये बसवलेली असायची आणि बॅटरी खायची. एच प्रोसेसर इंजिनिअरांच्या थ्री-डी कामाला. जीएसटीआर-३बीला नाही. तेव्हा आलेल्या कोटेशनांत आय-फाइव्हवरून आय-सेव्हनला जायचे अठरा-वीस हजार होते. मोठ्या बॅटरीचा फरक अडीच हजारांच्या आत आणि चांगल्या पॅनेलचा त्याहून थोडा जास्त. म्हणजे आय-सेव्हनच्या पैशात बॅटरी, स्क्रीन, रॅम, बॅटरीची वॉरंटी सगळं बसून वर चहापाणी सुटत होतं.

रॅमचं जरा वाकडं आहे. सोळा जीबी पाहिजेच. आठमध्ये विंडोज ११, टॅली, एक्सेल आणि ब्राउझर एकत्र बसले की मशीन एसएसडीवर लिही-पूस करत बसतं. पण कमी वीज खाणारी एलपीडीडीआर रॅम बहुतेक वेळा मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. ती नंतर वाढवता येत नाही. इंटेलच्या २०२४ मध्ये आलेल्या लूनर लेक प्रोसेसरमध्ये तर रॅम प्रोसेसरच्या पॅकेजमध्येच आहे, सोळा किंवा बत्तीस, विषय संपला. स्लॉटमधली रॅम वाढवता येते, पण ती थोडी जास्त वीज घेते. बॅटरी हवी तर लवचीकपणा सोडा, लवचीकपणा हवा तर बॅटरीत थोडं कमी घ्या. मी माझ्यापुरतं ठरवलं: जे नंतर बदलता येत नाही त्यावर आज पैसे टाकायचे. स्क्रीन, सोल्डर केलेली रॅम, बॅटरीची जागा. एसएसडी ५१२ पुरे. पुढे दोन स्क्रू काढून मोठी बसवता येते.

स्नॅपड्रॅगन एक्सवाले लॅपटॉप २०२४ च्या मध्यावर आले तेव्हा त्यांच्या बॅटरीची वाहवा ऐकून मी आशेने डेमो पीस बघायला गेले होते. वाहवा खरी होती. मशीन गारच राहत होतं. मी पर्समधून डिजिटल सिग्नेचरचं टोकन काढून लावलं. एक्सेल चालत होतं, ब्राउझर चालत होता, टोकन मात्र त्याने ओळखलंच नाही. कारण साधं आहे. हे एआरएम प्रोसेसर. नेहमीची विंडोज सॉफ्टवेअरं त्यावर दुभाष्यामार्फत चालतात, पण ड्रायव्हरला दुभाष्या चालत नाही. तो एआरएमसाठीच लिहिलेला लागतो. सीएच्या लॅपटॉपवर सही होत नसेल तर बॅटरी वीस तास चालून काय उपयोग? ज्याचं काम ब्राउझर आणि ऑफिसवर भागतं त्याने मात्र हे जरूर घ्यावेत. आपलं टोकन, आपला प्रिंटर, क्लायंटचं व्हीपीएन दुकानात लावून बघितल्यावर.

चौदा इंच की साडेपंधरा इंच यावर आमच्याकडे खरं भांडण झालं. साडेपंधराला उजवीकडे आकड्यांचा पॅड असतो. हिशेबनीसाचा उजवा हात त्यावर न बघता चालतो; तो काढून घेणं म्हणजे हात बांधून बसवणं. चौदा इंची हलका, स्क्रीन लहान म्हणून वीजही कमी, पण पॅड नाही. सर साडेपंधरावर अडून बसले. मी फिरतीवरच्या मुलांसाठी चौदा इंची आणि प्रत्येकाला काही शे रुपयांचा सुटा यूएसबी नंबर पॅड असं सुचवलं. मुलांनी आधी नाकं मुरडली. आता तो पॅड मांडीवर घेऊन एक मुलगी व्हाउचर तपासते तेव्हा बघत राहावं. ऑफिसातल्या दोघांना आणि सरांना साडेपंधराच. एकच मॉडेल सगळ्यांना हा हट्ट धरायचं कारणच नव्हतं, फक्त चार्जर एक हवा.

हा चार्जरचा मुद्दा कोणत्याच कोटेशनवर नसतो. सगळी मशीनं यूएसबी-सीवर ६५ वॉटने चार्ज होणारी घेतली, आणि शाखेतल्या त्या एका पॉइंटवर आता एकच अडॅप्टर तिघांत फिरतो. बहुतेक बिझनेस मॉडेलांत तासाभरात ८० टक्क्यांच्या आसपास भरतं. त्यामुळे मोठ्या बॅटरीइतकंच महत्त्व चहाच्या आणि जेवणाच्या वेळेला आलं. सगळे उठले की पंखा बंद, चार्जर चालू. मामांचीही हरकत नसते. २०,००० मिलीअँपिअर-अवरची पॉवर बँकही सोबत असते. ३.७ व्होल्टने गुणलं की ७४ वॉट-अवर, वाटेत गळती धरून लॅपटॉप साधारण एकदा भरतो. मात्र तिच्यातून ४५ किंवा ६५ वॉट बाहेर पडतायत ना ते बघावं. मोबाइलची साधी पॉवर बँक लावली तर लॅपटॉप एकतर तिला मोजतच नाही किंवा हळूहळू चार्ज होतोय असं सांगून तेवढ्याच वेगाने उतरत राहतो.

झाकण मिटून लॅपटॉप सॅकमध्ये टाकायची सवय नव्या मशीनना चालत नाही, हेही सांगून ठेवते. पूर्वीची गाढ झोप बऱ्याच नव्या मॉडेलांत काढून टाकली आहे; आताच्या झोपेत मशीन मोबाइलसारखं अर्धवट जागं असतं, मेल तपासतं, अपडेट उतरवतं. पंढरपूरहून एसटीत बसताना सत्तर टक्के असलेला लॅपटॉप सोलापूरला गरम होऊन, चाळिसावर येऊन बाहेर निघतो. सेटिंगमध्ये झाकण बंद केल्यावर हायबरनेट असं निवडलं की हा त्रास थांबतो. उघडताना दहा-पंधरा सेकंद जास्त लागतात, लागू देत.

एवढं सगळं ठरवून ऑर्डर द्यायला गेलं की खरी गाठ पडते ती रेडी स्टॉकशी. डिस्ट्रिब्युटरकडे जे तयार असतं ते ठरावीक: लहान बॅटरी, २५० निट्सचा स्क्रीन, आठ जीबी, विंडोज होम. आम्हाला प्रो हवं होतं, कारण बँकेची माहिती असलेली डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद ठेवायची आहे. आपल्या मनासारखं बांधून हवं तर महिना-दीड महिना थांबा आणि नग थोडे जास्त घ्या. डीलरचा धंदा रेडी स्टॉकवर चालतो, त्यामुळे तो समजूत घालतो: "मॅडम, हेच घ्या की, उद्या आणून देतो. बॅटरी काय, सगळ्यांची सारखीच असते." टॅक्स ऑडिटच्या तोंडावर हे वाक्य फार गोड लागतं. आम्ही ऑर्डर त्या गर्दीतून बाहेर पडल्यावर दिली आणि तोवर जुन्या दोन मशीनमध्ये नव्या बॅटऱ्या घालून, त्यांच्यावर फक्त ऑफलाइन काम ठेवून, वेळ निभावून नेली. फिरतीच्या मशीनमध्ये ५७ वॉट-अवरची बॅटरी, चांगला स्क्रीन, सोळा जीबी, आय-फाइव्ह. ऑफिसच्यांना लहान बॅटरी आणि साधा पॅनेल, कारण ती खुंटीला बांधलेलीच असणार.

शाखेच्या खऱ्या थाटात, म्हणजे अकरा-बारा वॉटवर, फिरतीवाली पाच तासांच्या आसपास चालतात. पत्रकातल्या आकड्याच्या निम्म्याहून कमी, पण सकाळी दहाला बसून जेवणाच्या सुटीपर्यंत निर्धास्त आणि सुटीत भरल्यावर संध्याकाळपर्यंत. यापेक्षा जास्त आम्हाला नको होतं.

नव्या आर्टिकलसाठी आता आणखी दोन घ्यायचे आहेत. कोटेशन आलंय. प्रोसेसरच्या रकान्यात पूर्ण नाव, एसएसडीच्या रकान्यात कंपनीसुद्धा, आणि बॅटरीपुढे नुसतं "स्टँडर्ड". मी फोन करून वॉट-अवर विचारले तर पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, स्टँडर्ड म्हणजे स्टँडर्डच की." त्याला म्हटलं, खोक्यावरचा सिरियल नंबर पाठव, कंपनीच्या साइटवर तो टाकला की आत कोणती बॅटरी आहे ते मीच बघते. पाठवतो म्हणालाय.